कोपरा फाटलेलं पाकीट

मला शिकवलं ते माझ्या आत्तीने. पुढे मला चांगले गुरुजी लाभले, त्यांतल्या एकदोघांनी पोटच्या मुलासारखं वागवलं, आणि त्या सर्वांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण पहिली आठवण काढायची ती आत्तीची. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि मी तिला सर्वांत मोठं दुःख दिलं ते एका पत्राने.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मानमोडीच्या तापाच्या साथीत माझे आईवडील आठवड्याच्या आत एकामागून एक गेले, तेव्हा मी दुसरीत होतो. आत्ती त्याआधीच विधवा होऊन माहेरी आली होती. तिला मूल नव्हतं. आमचं घर मंगळवेढ्याच्या पुढे, पण ते नावापुरतं. वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागे रानोमाळ हिंडायचं, जिथे उतरू तिथे जाळी लावून मेंढरं कोंडायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि चारा संपला की पुढे निघायचं.

दुपारी मेंढरं सावलीला बसली की बाया पिंजलेली लोकर घेऊन चातीवर सूत काढत बसत. पोरांच्या हातीही चाती देत. मी डावखुरा. माझी चाती उलटी फिरायची आणि सुताला उलटा पीळ बसायचा. असं सूत इतर सुतात मिसळलं की घोंगडी तेवढ्या जागी वळते, सपाट पडत नाही. घोंगड्या विणणारा सणगर डोळे मिटूनसुद्धा माझं सूत ओळखायचा.

"ह्ये कुनाचं गं? तुज्या त्या डावऱ्याचं न्हवं?"

"व्हय. त्येचंच. इना तसंच."

"आगं, काठ वाकडा व्हतोय की!"

"व्हऊ द्या. पांगरायचीय, फोटू काडायचा न्हाय तिचा."

गावच्या मास्तरांनी "याला सोलापूरला घाला" असं सांगितलं, ते आत्तीने मनावर घेतलं. लोकरीचा बाजार करून ती मला शुक्रवार पेठेत एका विणकराच्या दारी घेऊन गेली. तेलुगू घर होतं. ओळख एवढीच, की मागच्या वर्षी पावसात त्यांनी तिला ओसरीवर बसू दिलं होतं. आत्ती म्हणाली, "ह्ये पोरगं तुमच्या मागापाशी निजंल. जागा लई लागत न्हाय त्येला." त्या मागाच्या शेजारी मी सात वर्षं झोपलो. विणकराला मी अण्णा म्हणायचो, त्यांच्या बायकोला अक्का. मॅट्रिक झालो तेव्हा अक्कांनी पेढे वाटले, आणि आत्ती रानात होती म्हणून तिच्या वाटचे दोन पेढे पंधरा दिवस डब्यात ठेवले.

कॉलेजसाठी पुण्याला गेलो. तिथे मी पाली घेतली. बुद्धाच्या ओढीने घेतली असं म्हणायला आवडलं असतं, पण ते खरं नाही. संस्कृतच्या वर्गातली मुलं घरातूनच निम्मं पाठ करून आलेली असत आणि मी रोज मागे पडायचो. पालीत सगळेच पहिल्या पायरीवर होते. ओढ नंतर लागली. इतकी साधी भाषा, आणि तिच्यात दुःखाविषयी कुणी इतकं सरळ बोललेलं मी तोवर वाचलं नव्हतं. बी.ए. झालो. एम.ए.ला नाव घातलं, आणि पालीच्या प्राध्यापकांनी खटपट करून मला दोन वर्षं सिलोनला पाठवायचं ठरवलं. कोलंबोजवळच्या एका विहाराच्या विद्यालयात भिक्खूंच्या हाताखाली ग्रंथ वाचायचे होते. मध्येच सोडून आलो तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

निघण्याआधी आत्ती सोलापूरला आली. ओसरीवर सगळे बसलो होतो.

"लंका म्हंजी रावनाचीच का?" तिने विचारलं.

"तीच," अण्णा म्हणाले. "पण रावण गेला. आता तिथं बी इंग्रजच."

"सीता गेलती तितं. परत आली खरी, पर काय आली! समद्यांनी संशेवच घेतला."

"अय्यो, हिला बघा!" अक्का हसल्या. "सीतेला पळवून नेलं होतं. हा आपल्या पायानं चाललाय."

"त्येचंच भ्या वाटतंय की," आत्ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डोकं भादरू नगंस. आन् पत्र धाडत जा. मला वाचाया येत न्हाय म्हनून ऱ्हाऊ नगंस. आलेलं नुसतं बगितलं तरी मला कळतंय."

हे तिचं शेवटचं वाक्य मी त्या वेळी मायेचं बोलणं समजून सोडून दिलं. जाताना तिने घोंगडी दिली. तिच्या एका काठाला माझं लहानपणचं सूत होतं. तो काठ अजून वळलेलाच होता.

कोलंबोत घोंगडीचा काय उपयोग! अंगाला सदा घाम. मी तिची घडी करून बसायला घ्यायचो. आम्ही विद्यार्थी पांढरे कपडे घालत असू, भिक्खू पिवळे. पहाटे पाठ, मग वर्ग. दुपारनंतर भिक्खू जेवत नसत आणि आम्हाला मात्र संध्याकाळी भात मिळे, याची मला सुरुवातीला लाज वाटायची. तिथली गोल गोल अक्षरं गिरवताना मी पुन्हा बिगरीत बसल्यासारखा झालो. माझे मुख्य गुरू सत्तरीच्या पुढचे होते. त्यांना मराठी-हिंदी येत नव्हतं, मला सिंहली येत नव्हतं. आम्ही पालीतच बोलायचो, आणि अडलं की ते मोडक्या इंग्रजीवर येत. पान खाता खाता ते माझ्या चुका ऐकत, आणि फार मोठी चूक झाली की पिकदाणी जवळ ओढत.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला मरणस्मृती शिकवली. रोज सकाळी शांत बसून, आपल्याला मरण आहे, ते आजही येईल, याचा विचार करायचा. घाबरायचं नाही, रडायचं नाही, नुसतं जाणायचं. माझी यात लवकर प्रगती झाली. गुरूंनी दोनदा मान डोलावली. मी स्वतःवर खूष होतो.

त्याच दिवसांत विद्यालयाची एक परीक्षा मी चांगली पास झालो, म्हणून आत्तीला पत्र लिहिलं. पाकिटावर पत्ता घालून ते चौरंगावर ठेवलं आणि दिव्यात खोबरेल घालताना चार थेंब पाकिटाच्या कोपऱ्यावर सांडले. जवळ दुसरं पाकीट नव्हतं. तेल इतर टपालाला लागेल म्हणून मी तेवढा कोपरा फाडून टाकला. आतला कागद बाहेर येणार नाही इतकाच. पाकीट वाचवलं याचं समाधान वाटलं; काही वाया घालवू नये हे मला आत्तीनेच शिकवलं होतं.

आमच्याकडे पत्राचा कोपरा फाडतात तो मरणाच्या बातमीचा. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, जवळ ठेवत नाहीत. फाडून टाकतात आणि अंघोळ करतात. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं. पण इतकी वर्षं मी पत्रं वाचत होतो, आणि वाचणाऱ्याचं लक्ष आतल्या मजकुराकडे असतं.

यानंतर दीड महिन्याने अण्णांचं पत्र आलं. पहिलीच ओळ अशी होती: "तुम्ही जिवंत आहात याची आम्हांस खात्री आहे, कारण तुमचं कार्ड गेल्या सोमवारी आलं. पण तुमच्या आत्या मानीत नाहीत. तरी कसं करावं ते ताबडतोब कळवणे."

मी ती ओळ तीनदा वाचली. मग पुढचं. काही अण्णांनी लिहिलं होतं, काही मला नंतर अक्कांनी आणि चुलतभावाने सांगितलं. सगळं जोडून झालं ते असं.

आत्तीला लिहिलेली माझी पत्रं मंगळवेढ्यातल्या एका दुकानदाराकडे जायची. बाजाराच्या दिवशी आमच्यातलं कुणी आलं की तो वाचून दाखवायचा. या खेपेस पाकिटाला त्याने हातही लावला नाही. चुलतभावाला नुसतं बोटाने दाखवलं. चुलतभाऊ ते दोन बोटांत धरून मेंढरांच्या तळावर घेऊन आला. वाचणारं कुणी नव्हतंच, पण वाचायची गरजही कुणाला वाटली नाही. लंकेत आपलं दुसरं कोण आहे? पत्र लंकेचं, कोपरा फाटलेला. म्हणजे कुणा परक्याने माझी बातमी कळवली. आत्तीने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, फाडलं आणि ओढ्यावर गेली. मी पास झाल्याचं त्यात लिहिलं होतं.

दहाव्याला ओढ्याकाठी माझ्या नावाचा घास ठेवला. कावळा शिवेना. कावळे आले, जवळ उड्या मारत आले, आणि परत गेले. मेल्याची इच्छा राहिली असली की असं होतं. मग माणसं तिला शब्द देतात. चुलतभाऊ म्हणाला, आत्तीला अंतर देणार नाही. कावळा नाही. चुलता म्हणाला, तुझ्या वाटची मेंढरं मोडणार नाही. कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आत्ती पुढे झाली आणि म्हणाली, "तुजी पुस्तकं सोलापुरात हाईत. ती मी आनते. वाळवी लागू देत न्हाय. शिव बाबा आता." तरीही नाही. शेवटी गवताचा कावळा करून घासाला लावला.

पुस्तकांचा दिलेला शब्द पाळायला आत्ती चालत सोलापूरला आली. पेठेतल्या ओसरीवर बसून म्हणाली, "त्येची ट्रंक द्या." अण्णांना कळेना. कळलं तेव्हा त्यांनी माझं ताजं कार्ड आणून दाखवलं.

"कागद कुनीबी लिवतंय, अन्ना," आत्ती म्हणाली. "तुमीबी लिवाल, मला बरं वाटावं म्हनून."

"अहो, ही त्याची सही!"

"मला काय कळतंय त्यातलं?"

तेव्हा अक्कांनी विचारलं, "कावळा शिवला का?"

"न्हाय. गवताचा करावा लागला."

"मग! जिवंत माणसाचा घास कावळा कसा घेईल?"

यावर आत्तीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मग मी हितंच बसते. जित्ता आसंल तर हितं येईल."

आणि ती बसली. अण्णा लिहीत होते, की दिवसभर मागाशेजारी सुताच्या कांड्या भरून देते, काम चोख करते, पण अर्ध्या भाकरीवर उठते. पोस्टमन गल्लीत आला की उभी राहते, आणि तो गेला की बसते. तार पाठवू नका असंही त्यांनी लिहिलं होतं. तार मरणाचीच येते. तिने तार पाहिली की संपलंच.

पत्र घेऊन मी गुरूंकडे गेलो. पालीत सांगायला लागलो आणि मला एकही क्रियापद धड जमेना. त्यांनी पिकदाणी जवळ ओढली नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "जायचं तर आज निघ." मी म्हणालो, माझी जागा जाईल, मोठी परीक्षा आठ महिन्यांवर आली आहे. ते म्हणाले, "तेही खरं." त्यांनी मला थांबवलं नाही. थांबलो तो मीच.

हे मी आजवर कुणाला मोकळेपणाने सांगितलेलं नाही. लोकांना मी सांगायचो, की बोटीची सोय नव्हती. पण पत्र ज्या बोटीने जातं त्याच बोटीने माणूसही जातो. मला जाता आलं असतं. आमच्या सगळ्या कुळात पहिला शिकलेला मी, हातातली जागा सुटली तर पुन्हा मेंढरांमागे, ही भीती माझ्या पोटात होती. ती भीती आत्तीनेच घातली होती असंही मी स्वतःला समजावत होतो. मी परत यावं म्हणून तिने मला धाडलं नव्हतं, शिकावं म्हणून धाडलं होतं. असं मी दिवसभर घोकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरणस्मृतीला बसलो. आपण मेलो आहोत असं मनात आणायला गेलो, तर ओढा दिसला, घास दिसला, आणि ऊन अंगावर घेऊन उभी असलेली आत्ती दिसली. मी उठलो. त्यानंतर ती साधना मला पुन्हा कधी नीट जमली नाही. माझं मरण माझ्या एकट्याचं आहे असं धरून मी ती करत होतो.

तिला पटेल असं काय पाठवावं? लिहिलेलं काही उपयोगाचं नव्हतं. फोटो काढावा, तर तो जुना असेल असं ती म्हणणार. विचार करत घोंगडीवर बसलो होतो, आणि बोटांनी तो वळलेला काठ चाचपत होतो. तेव्हा सुचलं.

मी त्या काठाच्या दशा सोडवल्या, लोकर बोटांनी पिंजली. चाती कुठून आणणार? करवंटीची गोल चकती घासून तिच्यात पेन्सिल खोवली. वर्गातले सोबती दारात उभे राहून पाहत होते. एकाने विचारलं, हे तुमच्याकडचं कुठलं व्रत? पहिलं सूत तीनदा तुटलं. दहा वर्षं हात लागला नव्हता. पण डाव्या हाताची गिरकी विसरलेली नव्हती. नुसती लोकर पाठवली तर ती म्हणेल जुनंच सूत कुणी उसवून धाडलं; म्हणून मी नारळाच्या सोडणाचे चार तंतू कुटून मऊ केले आणि लोकरीबरोबर त्याच पिळात घातले. आमच्या मुलखात तसा तंतू कुणी लोकरीत घालत नाही. हातभर सूत निघालं. ते पत्रात ठेवून अण्णांच्या पत्त्यावर पाठवलं.

ते पोहोचलं त्या दिवसाचं मला अक्कांनी पुष्कळदा सांगितलं आहे. पाकीट अण्णांनी उघडलं. आत्ती पत्र ऐकायला थांबलीच नाही. सूत हातात घेऊन दाराच्या उजेडात गेली, बोटांतून सरकवलं, नाकाला लावलं, एक टोक उलगडून पाहिलं. अण्णांनीही पाहिलं आणि विणकर म्हणून सांगितलं, पीळ उलटा आहे, आणि ताजा आहे.

"त्येचंच," आत्ती म्हणाली. "वंगाळ काततंय आजून."

अक्का रडायला लागल्या. आत्ती रडली नाही. ती सूत बोटाला गुंडाळत बसली, आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, "जित्ता हाय, तर आला का न्हाय मग?"

अण्णांनी परीक्षेचं सांगितलं. तिने मान हलवली. त्या संध्याकाळी तिने पोटभर भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी ट्रंक तिथेच ठेवून गावाकडे निघाली.

आठ महिन्यांनी परीक्षा देऊन मी आलो, तेव्हा तळ मंगळवेढ्याच्या अलीकडे होता. मला आत येऊ दिलं नाही. जुन्या माणसांनी सांगितलं, याचं नाव घासाबरोबर गेलं आहे, नवं नाव ठेवल्याशिवाय हा घरातला नाही. आमच्यात बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्याच. पंचविशीचा मी पाळण्याच्या झोळीला हात लावून मांडी घालून बसलो, बाया हसून लोळत होत्या, एकीने "दूध पिणार का?" म्हणून विचारलं. आत्ती हसली नाही. तिने वाकून माझ्या कानात नाव सांगितलं. ते जुनं नाव नव्हतं. पुढे तिने मला त्याच नावाने हाक मारली, आणि जुन्या नावाने एकदाही नाही. का आला नाहीस, हे तिने मला स्वतः कधी विचारलं नाही. मी सोलापुरात मास्तर झालो, ती येत-जात राहिली, आणि ते विचारणं आमच्यामध्ये तसंच राहिलं.

सुताबरोबर पाठवलेल्या त्या पत्राची नक्कल मी तेव्हाच वहीत करून ठेवली होती. आत्तीने ते पुढे केव्हा ऐकलं, की ऐकलंच नाही, मला माहीत नाही. ते असं:

"तीर्थरूप आत्तीस शिरसाष्टांग नमस्कार.

आत्ती, मी जिवंत आहे. हे अण्णा वाचून दाखवतील. त्यांच्या वाचण्यावर तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून सोबत सूत पाठवलं आहे. लोकर तू दिलेल्या घोंगडीची आहे. त्यात जे तांबूस राठ धागे लागतील ते नारळाच्या सालाचे आहेत. काल सकाळी कातलं. तीनदा तुटलं.

मागच्या पाकिटाचा कोपरा मी फाडला. त्याला तेल लागलं होतं. इतकं शिकून मी एवढं विसरलो. तू ते हातात घेतलंस तेव्हा तुला काय झालं असेल, ते मला लिहिता येत नाही.

मी आता यायला हवं होतं. येत नाही. परीक्षा आठ महिन्यांनी आहे. ती सोडून आलो तर तू मला मारशील, असं मी लिहिणार होतो. पण तू मारणार नाहीस हे मला माहीत आहे. मी माझ्यासाठीच थांबलो आहे. रागावलीस तर रागाव, पण भाकरी पुरती खा.

डोकं भादरलेलं नाही.

पुस्तकांची ट्रंक तिथेच राहू दे, मी आलो की उघडीन. आणि हे पाकीट टाकू नकोस. अण्णांकडून मागून घे, आणि त्याच्या चारी कोपऱ्यांना हात लावून बघ."